पाठमोरं किती किलोंपर्यंत?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कार सीटच्या अंगावर लेबल चिकटवलेलं असतं. बारीक टाइप, इशाऱ्यांची जंत्री, उत्पादनाची तारीख, आणि या गर्दीत आकड्यांच्या दोन ओळी. दोन्ही दिशांना बसवता येणाऱ्या नेहमीच्या सीटवर गेली काही वर्षं या ओळी साधारण अशा दिसतात : गाडीच्या मागे तोंड करून ५ ते ४० पौंड, पुढे तोंड करून २२ ते ६५ पौंड. किलोंत सांगायचं तर पहिली ओळ २.३ ते १८.१, दुसरी १० ते २९.५.

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला नाहीतर बे एरियात गेलेल्या आजी-आजोबांची कार सीटशी गाठ पहिल्याच आठवड्यात पडते. बाळाला घरी सोडताना गाडीत सीट आहे ना, ही विचारपूस इस्पितळातच होते. तेव्हा कुणाची काही तक्रार नसते. खटका उडतो तो वर्षभरानं, व्हिडिओ कॉलवर. "अगं, आता तरी त्याला सरळ बसव. पाय बघ कसे मुडपलेत पोराचे!" लेक म्हणते, "आई, लेबलवर चाळीस पौंडांपर्यंत लिहिलंय." आईनं ते लेबल तिथे असताना चष्मा लावून वाचलेलं असतं. "त्याच लेबलवर बावीस पौंडांपासून सरळ चालतं असंही लिहिलंय की!"

दोघींनी लेबल बरोबर वाचलंय. गोम अशी, की बावीस आणि चाळीस हे एकाच जातीचे आकडे नव्हेत. बावीस म्हणजे याच्या आधी पुढे तोंड करू नका. चाळीस म्हणजे याच्यापुढे मागे तोंड ठेवू नका. मधल्या अठरा पौंडांत दोन्ही चालेल एवढंच लेबल म्हणतं. दोन्ही सारखंच सुरक्षित आहे, असं ते कुठेही म्हणत नाही. या मधल्या पट्ट्यात बाळाची तीन-चार वर्षं जातात, म्हणून तो नीट समजून घेतलेला बरा.

मुळात मागे तोंड कशासाठी, तिथून सुरुवात करू. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत टकरीचा वेग ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर असतो. मोठा वाटत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर तो कुणी वेगात धरणारही नाही. या वेगानं गाडी समोर आदळली की ती साधारण एक दशांश सेकंदात थांबते. दहा किलोंच्या बाळाला तेवढ्या वेळात थांबवायचं तर सरासरी तेराशेहून अधिक न्यूटन जोर लागतो, म्हणजे सुमारे १३५ किलोंचं ओझं तोलून धरण्याइतका. टकरीच्या ऐन क्षणी तो याहूनही वर जातो. "मी घट्ट धरून बसते की मांडीवर" या वाक्यातला जिव्हाळा खरा, पण हे वजन कुठल्याही हातांना पेलणारं नाही. ते सीटनंच पेलायचं. प्रश्न उरतो तो एवढाच, की हा जोर बाळाच्या अंगावर नेमका कुठे पडावा.

पुढे तोंड असेल तर पट्टे खांदे आणि कंबर धरून ठेवतात. डोक्याला कुणीच धरलेलं नसतं. ते पुढे झेपावतं आणि त्याला मागे खेचण्याचं काम एकट्या मानेवर येतं. मोठ्या माणसाची मान हे बऱ्याचदा निभावून नेते. बाळाचं तसं नाही. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. प्रौढांत ते सातवा-आठवा हिस्सा उरतं. शिवाय मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. प्रत्येक मणका तुकड्यातुकड्यांचा, कूर्चेनं जोडलेला असतो, आणि हे सांधे हाडानं भरून यायला साधारण तीन ते सहा वर्षांचं वय उजाडतं. कूर्चा ताणली जाते. तिच्या आतून जाणारा मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही.

"त्यानं केव्हाच मान धरली" असं आपल्याकडे कौतुकानं सांगतात. मान धरणं हे स्नायूंचं कर्तृत्व आहे, चौथ्या-पाचव्या महिन्यातलं. टकरीत कसोटी लागते ती मणक्यांची, आणि त्यांना अजून काही वर्षं हवी असतात.

पाठमोरं बसवलं की समोरच्या टकरीत बाळाची पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकदम सीटच्या कवचावर दाबली जातात. जोर तेवढाच असतो, पण तो पाठभर पसरतो. उंचावरून गादीवर पाठ टेकून पडणं आणि कमरेला दोरी बांधून लोंबकळताना हिसका बसणं यात जो फरक, तोच इथे आहे.

ही कल्पना स्वीडनची. गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठातले बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली. जेमिनी मोहिमांचे अंतराळवीर उड्डाणाचा दाब पाठीवर घेत पहुडलेले पाहून त्यांना ती सुचली, असं सांगतात. १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्या नमुन्याची चाचणी झाली आणि १९७२ मध्ये व्होल्वोनं आपली पाठमोरी सीट बाजारात आणली. स्वीडनमध्ये तेव्हापासून मुलं तीन-चार वर्षांची होईतो पाठमोरीच बसतात. तिथल्या आईबापांना त्यात विशेष काही केल्यासारखं वाटत नाही.

अमेरिकेची वाट वेगळी होती. तिथलं कार सीटचं सरकारी मानक, क्रमांक २१३, १९७१ मध्ये लागू झालं, पण प्रत्यक्ष टकरीची चाचणी त्यात १९८१ पासून आली. दरम्यान १९७७ मध्ये टेनेसीनं मुलांना सीटमध्ये बसवण्याचा पहिला कायदा केला आणि १९८५ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. त्या काळातल्या पाठमोऱ्या सीट लहानखुऱ्या होत्या, वीस पौंडांच्या आसपास संपणाऱ्या. त्यातूनच 'एक वर्ष आणि वीस पौंड' हा नियम घरोघरी रुजला. दोन्ही पूर्ण झालं की बाळ फिरवायचं. वीस पौंडांवर बाळाच्या मानेत काही क्रांती घडते म्हणून हा आकडा आला नव्हता. सीट तिथे संपायची, म्हणून नियमही तिथे संपला. पुढे सीट वाढल्या. नियम मात्र लोकांच्या तोंडी बसून राहिला. नव्वदच्या दशकात तिकडे मुलं वाढवलेले काका-मावशी अजूनही तोच सांगतात.

मग आजचा चाळीस पौंडांचा आकडा येतो कुठून? तोही मानेतून नाही, चाचणीगृहातूनच. कंपनी आपली सीट किती वजनापर्यंत विकायची ते ठरवते आणि त्या वजनाला कुठले पुतळे बसवून चाचणी घ्यायची ते मानक सांगतं. हे पुतळे ठरावीक मापाचे असतात. नवजात बाळाचा साडेतीन किलोंच्या जरा आतला, वर्षाच्या बाळाचा दहा किलोंचा, तीन वर्षांच्या मुलाचा सोळा किलोंच्या आसपासचा, सहा वर्षांच्या मुलाचा तेवीस किलोंच्या पुढचा. पुतळ्यासह सीट रुळांवरच्या स्लेडवर बांधतात आणि टकरीइतका झटका देतात. मग मोजमाप. डोक्याला आणि छातीला किती धक्का बसला, डोकं कवचाच्या कडेबाहेर गेलं का, पट्टे-बकल टिकले का.

पाठमोऱ्या सीटसाठी आणखी एक कसोटी आहे आणि वजनमर्यादेचं मर्म बरंचसं तिच्यात सापडतं. टकरीत पाठमोरी सीट गाडीच्या पुढच्या बाजूला कलंडते, तिची पाठ आडवी व्हायला लागते. ती फार आडवी झाली तर मूल डोक्याच्या दिशेनं वर घसरून कवचाबाहेर जाईल. म्हणून मानकाची अट आहे, की झटक्याच्या कुठल्याही क्षणी सीटची पाठ उभ्या रेषेपासून ७० अंशांपेक्षा जास्त कलंडता कामा नये. पुतळा जितका जड, तितकं कलंडणं जास्त. ते आवरायचं तर कवच जाड हवं, आत पोलादी सांगाडा हवा, काही सीटला पायथ्याशी आडवा दांडा किंवा गाडीच्या तळाला टेकणारा पाय हवा. यातल्या प्रत्येक गोष्टीनं सीटची किंमत वाढते, वजन वाढतं आणि गाडीत अडणारी जागाही वाढते. कंपनी कुठेतरी थांबते. कुणी ३५ पौंडांवर, कुणी ४० वर, कुणी ५० वर. लेबलवरचा वरचा आकडा म्हणजे हे थांबण्याचं ठिकाण.

मग ४१ पौंडांचं मूल ४० च्या सीटमध्ये बसवलं तर? सीट त्या क्षणी मोडेल असं नाही. पण तिच्यावरचा भरवसा जिथे संपतो त्या रेषेपलीकडे तुम्ही गेलात. गाडीचा टायर थोडा गुळगुळीत झाला तरी आपण 'चालतंय' म्हणतो. इथे ती सवय सोडावी.

खालच्या आकड्याची जात अगदीच वेगळी. पुढे तोंड करण्यासाठी २२ पौंड ही पायरी वर्षाच्या बाळाच्या पुतळ्याच्या वजनाशी जुळणारी होती. वर्षाचं गुटगुटीत बाळ सहज बावीस पौंड भरतं, काही बाळं त्याच्या किती तरी आधी. म्हणजे दिवाळीत रांगणारं मूल लेबलाच्या हिशेबात पुढे तोंड करून बसायला मोकळं. हे खटकण्यासारखं होतं आणि शेवटी सरकारलाही खटकलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानं मानक सुधारलं, त्यात ही पायरी २६.५ पौंडांवर, म्हणजे १२ किलोंवर नेली. वर्षाच्या जवळजवळ कुठल्याच बाळाचं वजन एवढं नसतं. हेतू तोच होता. एका रात्रीत मुलांच्या माना बदलल्या नाहीत, लेबल बदललं. लेबलवरचा खालचा आकडा म्हणजे मुहूर्त नव्हे, हे यावरूनच लक्षात यावं.

आता जरा वजनकाट्याकडे बघू, कारण इथे एक गंमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मधोमध असलेला मुलगा वर्षाचा असताना ९.६ किलो भरतो, दोन वर्षांचा १२.२, तीन वर्षांचा १४.३, चार वर्षांचा १६.३. मुली थोड्या कमी. १८.१ किलो, म्हणजे आपले चाळीस पौंड, हा मुलगा गाठतो पाच वर्षांचा होता होता. पन्नास पौंडांची सीट असेल तर शाळेत पहिली-दुसरीत जाईपर्यंत त्याचं वजन मर्यादेत राहील. आपल्याकडची चणीनं बारीक मुलं आणखी उशिरा तिथे पोहोचतील.

मग सगळी मुलं पाच वर्षांपर्यंत पाठमोरी बसतात का? नाही. त्यांची आधी उंची संपते. पाठमोऱ्या सीटमध्ये डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेपासून खाली राहावा लागतो. अमेरिकेतल्या बहुतेक पुस्तिका किमान एक इंच सांगतात. डोकं त्या कडेशी आलं की वजन काहीही असो, ती सीट त्या दिशेनं संपली.

हे सर्वांत ठळक दिसतं तान्ह्या बाळांच्या कडीवाल्या सीटमध्ये, ज्या उचलून घरात आणता येतात. त्यांच्यावर वजनमर्यादा ३० किंवा ३५ पौंड छापलेली असते आणि उंचीची मर्यादा ३० ते ३२ इंच. पस्तीस पौंड म्हणजे पावणेचार वर्षांच्या मुलाचं वजन, आणि त्या वयाचं मूल मीटरभर उंच असतं. बत्तीस इंच म्हणजे ८१ सेंटीमीटर, ही दीड वर्षाच्या बाळाची उंची. तीस इंच तर पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच ओलांडले जातात. म्हणजे खोक्यावर ठसठशीत छापलेले पस्तीस पौंड जवळजवळ कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. दुकानात दोन सीट शेजारी ठेवून जास्त पौंडांची उचलणाऱ्यानं कवचाची उंचीही टेपनं मोजावी. लवकर संपणारा आकडा कोणता, तेच खरं विकत घेतलेलं असतं.

बाळ या कडीवाल्या सीटबाहेर वाढलं की पुष्कळ घरांत तोच पुढे तोंड करण्याचा मुहूर्त ठरतो. तसं करायचं कारण नसतं. दोन्ही दिशांना बसणारी मोठी सीट घेऊन तीही पाठमोरीच बसवता येते.

लेबलवर आणखी एक वजन असतं आणि ते या दोन्हींत मिसळून जातं. २००२ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या खाचेत कार सीट अडकवायच्या पोलादी कड्या सक्तीच्या झाल्या. तिकडे त्या व्यवस्थेला लॅच म्हणतात, युरोपात आणि आपल्याकडे आयसोफिक्स. या कड्यांवर मूल आणि सीट मिळून ६५ पौंडांपेक्षा जास्त भार नको, असा तिथला हिशेब आहे. सीटच २५ पौंडांची असेल तर मुलाच्या वाट्याला ४० उरतात. आणि पन्नास पौंडांपर्यंत पाठमोऱ्या चालणाऱ्या सीट बऱ्यापैकी जड असतात. त्यामुळे कड्यांची मर्यादा संपली तरी सीटची मर्यादा शिल्लक, असा प्रसंग येतो. घरोघरी याचा अर्थ 'संपलं, आता फिरवा' असा लावला जातो. प्रत्यक्षात करायचं एवढंच असतं, की कड्या सोडायच्या आणि तीच सीट गाडीच्या पट्ट्यानं बांधायची. मूल पाठमोरंच. कड्यांसाठी नेमका कुठला आकडा धरायचा, ते सीटच्या लेबलवर वेगळं छापलेलं असतं.

या विषयात एक प्रकरण असं घडलं, जे मला सांगावंसं वाटतं, कारण ते प्रचारपत्रकांत येत नाही. २००७ मध्ये 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास आला. त्यातून एक आकडा जगभर गेला : दोन वर्षांखालचं मूल पाठमोरं असेल तर मृत्यूची वा गंभीर इजेची शक्यता ७५ टक्क्यांनी कमी. २०११ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सनं दोन वर्षांपर्यंत किंवा सीटची मर्यादा संपेपर्यंत पाठमोरं बसवा असं सांगितलं, तेव्हा हाच आकडा पुढे केला गेला. पुढे तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तर हिशेबाच्या पद्धतीत चूक निघाली. अभ्यास मागे घेतला गेला. २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात नवं विश्लेषण आलं. त्यात दिसलं, की सीटमध्ये नीट बांधलेल्या लहान मुलांना, तोंड कुठेही असो, गंभीर इजा इतक्या क्वचित होतात, की या नोंदींतून ठाम टक्केवारी काढताच येत नाही. कल पाठमोऱ्याच्याच बाजूचा होता, पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर तो ठरत नव्हता.

यावर अकॅडमीनं काय करावं? ऑगस्ट २०१८ मध्ये तिनं धोरण बदललं आणि त्यातून 'दोन वर्षं' हे वयच काढून टाकलं. आता सल्ला असा, की सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत, जितकं लांबवता येईल तितकं पाठमोरं. पुरावा कमकुवत ठरल्यावर सल्ला ढिला होण्याऐवजी पुढे सरकला, हे पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटतं. पण त्या ७५ टक्क्यांआधीही दोन आधार होतेच, एक मानेच्या रचनेचा आणि दुसरा स्वीडनच्या अनुभवाचा. ते दोन्ही जागेवर होते. डगमगली होती ती दोन वर्षांवर आखलेली रेघ. ती पुसली गेली, हे योग्यच झालं असं मला वाटतं. अनेक राज्यांतले कायदे मात्र त्या रेघेवरच उभे आहेत. कॅलिफोर्नियात २०१७ पासून दोन वर्षांखालचं मूल पाठमोरंच हवं. वजन ४० पौंड किंवा उंची ४० इंच झाली असेल तरच सूट.

युरोपनं वजनाचा घोळ वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. तिथल्या जुन्या नियमात, क्रमांक ४४ मध्ये, सीटचे गट वजनावर पाडले होते. तान्ह्यांचा गट १३ किलोंपर्यंत पाठमोरा, पुढचा गट ९ ते १८ किलो, आणि त्यात पुढे तोंड करायला परवानगी. ९ ते १३ किलोंत दोन्ही गट एकमेकांवर चढलेले. २०१३ मध्ये आलेल्या क्रमांक १२९ च्या नियमानं वजन बाजूला ठेवून सेंटीमीटर धरले आणि वरून सांगितलं, की मूल कितीही भरदार असो, पंधरा महिन्यांच्या आत पुढे तोंड नाही. आईबापांना मुलाचं वजन अंदाजानं माहीत असतं, उंची मात्र दारामागच्या पेन्सिलीच्या खुणांवरून नक्की कळते. जुन्या नियमाच्या सीटची विक्री युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली. स्वीडन याच्याही पुढे. तिथे 'प्लस टेस्ट' नावाची ऐच्छिक चाचणी आहे, तीत थेट मानेवरचा ताण मोजतात. पुढे तोंड असलेली सीट त्या कसोटीला उतरू शकत नाही. पंचवीस किलोंपर्यंत पाठमोऱ्या चालणाऱ्या सीट तिथे दुकानात सहज मिळतात.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या दुकानांत ज्या सीट दिसतात, त्यांच्यामागचं भारतीय मानक एआयएस-०७२ हे युरोपच्या जुन्या ४४ क्रमांकावर बेतलेलं आहे. त्यामुळे तो ९ ते १३ किलोंचा चढलेला पट्टा आपल्याला वारशानं मिळाला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '० ते १८ किलो' असं असतं आणि बघणाऱ्याला वाटतं, सीट अठरा किलोंपर्यंत हवी तशी वापरावी. बाजूच्या छोट्या चित्रांत खरी माहिती असते : पाठमोरी १३ किलोंपर्यंत, पुढे तोंड करून ९ ते १८. आता तक्ता पुन्हा उघडा. मधला मुलगा ९ किलो भरतो नऊ-दहा महिन्यांचा असताना. १३ किलो भरतो सव्वादोन वर्षांचा झाल्यावर. म्हणजे एकच सीट, एकच लेबल, दोन्ही घरांनी नियम पाळलेला. तरी एक मूल रांगायच्या वयात फिरवलं जातं आणि दुसरं जवळजवळ दीड वर्ष उशिरा. मोबाइलवर खोक्याचा फोटो मागवून कुणी "घेऊ का ही?" असं विचारलं, तर आधी त्या छोट्या चित्रांचा फोटो मागवावा.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा बालसीटविना नेल्यास हजार रुपये दंड. तोंड कुठे, वजन किती, याबद्दल कलम गप्प आहे. गाड्यांच्या टक्कर-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अहवालांनी मात्र इथल्या गाड्यांबाबतीत एक गोष्ट उघड केली. तीन वर्षांच्या मुलाचा पुतळा पुढे तोंड करून बसवला, की डोकं फार पुढे गेलं, असा शेरा वारंवार येई. पुढे काही कंपन्यांनी तोही पुतळा पाठमोरा बसवून चाचणी द्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्येही मुलांच्या सुरक्षेला ४९ गुण आहेत आणि पुतळे दीड आणि तीन वर्षांचे. जाहिरातीत पाच तारे झळकतात. पुतळ्याचं तोंड कुठे होतं, ते अहवालात शोधावं लागतं.

पायांचं राहिलं. व्हिडिओ कॉलवरच्या आजीची काळजी तीच होती. पाय मागच्या सीटच्या पाठीला टेकतात, मुडपतात, मूल मांडी घालून बसतं किंवा पाय वर टेकवतं. मोठ्यांना ते अवघडल्यासारखं दिसतं, मुलांना वाटत नाही. पायांची लांबी ही कुठल्याच लेबलवरची मर्यादा नाही. उलट समोरच्या टकरीत पुढे तोंड असलेल्या मुलाचे पाय झोकात जाऊन पुढच्या सीटवर आदळतात. मागून गाडी धडकली तर काय, असंही विचारतात. अशा धडका सहसा कमी जोराच्या असतात, आणि शहरात गाडी थांबलेली असताना बसतात. एका जागी मात्र पाठमोरी सीट कधीच नको : चालू एअरबॅगसमोर, पुढच्या सीटवर. फुगणारी एअरबॅग कवचाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

वजन घरीच बघायचं असेल तर बाळाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहावं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करावी. लसीकरणाच्या कार्डावरचं वजन चार महिन्यांपूर्वीचं असतं.

मर्यादा खरोखरच संपली आणि सीट फिरवली, की दोन गोष्टी बदलतात. पाठमोऱ्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. पुढे तोंड केल्यावर रेषेत किंवा किंचित वरून. आणि सीटच्या माथ्यामागून निघणारा टेदर नावाचा पट्टा आता गाडीतल्या कडीला अडकवायचा असतो. अमेरिकन मानकात टकरीच्या वेळी पुतळ्याचं डोकं टेदरविना ८१३ मिलिमीटरपर्यंत पुढे गेलेलं चालतं, टेदर लावून ७२० पर्यंतच. पुढच्या सीटची पाठ जवळ असते, तिथे हे नऊ सेंटीमीटर फार. हॅचबॅकमध्ये ही कडी मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या बाजूनं असते, कधी कापडाच्या झडपेखाली, आणि शोरूममधल्या माणसालाही ती शोधताना दोन मिनिटं लागतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये बालसीटचं वेगळं पान असतं. कुठल्या बैठकीला कडी आहे आणि कुठल्या नाही, ते तिथे चित्रासकट दिलेलं असतं.